'एको' : आकाशातून मिळालेले आडनाव

उम्बेर्तो एको हे नाव मराठी वाचकाला परके नाही. चौदाव्या शतकातील एका बेनेडिक्टाइन मठात घडणाऱ्या खुनांची त्यांची कादंबरी 'द नेम ऑफ द रोझ' १९८० साली इटालियनमध्ये आली आणि पुढे इंग्रजी भाषांतरातून आपल्याकडेही पुष्कळ वाचली गेली. चिन्हमीमांसेचे प्राध्यापक म्हणूनही त्यांचा दबदबा होता. या लेखात मात्र त्यांच्या ग्रंथांविषयी फार नाही. विषय आहे त्यांचे आडनाव.

इटालियन भाषेत 'एको' म्हणजे प्रतिध्वनी. रोस्सी, फेर्रारी, एस्पोझितो ही आडनावे इटलीत पावलोपावली भेटतात. एको हे आडनाव विरळा. असे दुर्मिळ आडनाव कानावर आले की कोणत्याही देशातला माणूस एकच अंदाज बांधतो : घराणे जुने असणार, एखादे मानाचे कूळ असणार. या बाबतीत वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. एको हे आडनाव उम्बेर्तोंच्या आजोबांपासून सुरू झाले. त्यामागे ना कूळ, ना गाव, ना पूर्वज. ते आजोबा टाकून दिलेले मूल होते आणि आडनाव त्यांना नगरपालिकेतल्या एका कारकुनाने दिले.

हे कसे घडले आणि असे आडनाव दुर्मिळच का राहते, हे समजून घेताना इटलीच्या सामाजिक इतिहासातला एक दुखरा भाग उलगडत जातो.

आडनावे कशी ठरली

इटलीत तीन लाखांहून अधिक आडनावे असल्याचे मानले जाते. त्यांचे ठोकळ वर्ग चार. पहिला वर्ग पूर्वजाच्या नावावरून आलेल्या आडनावांचा. दुसरा गावावरून आलेल्यांचा, आपल्याकडच्या 'कर'वाल्यांसारखा. तिसरा धंद्यावरून आलेल्यांचा. फेर्रारी म्हणजे लोहार. चौथा शरीराच्या वा स्वभावाच्या खुणेवरून पडलेल्यांचा. रोस्सीच्या मुळाशी तांबड्या केसांचा कोणी पूर्वज आहे. मध्ययुगात ही नावे सैल होती, पिढीगणिक बदलत. १५६३ साली संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने चर्चमधून विवाह आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या ठेवण्याची शिस्त घालून दिली, तेव्हापासून आडनावे वंशपरंपरेने घट्ट झाली.

एकदा नोंदवही आली की प्रत्येक मुलापुढे बापाचे नाव लिहिणे आले. ज्याचा बाप माहीत नाही, आईही माहीत नाही, त्याच्यापुढे काय लिहायचे? या प्रश्नातून आडनावांचा पाचवा वर्ग जन्माला आला.

भिंतीतले चाक

इटलीतील अनेक अनाथालयांच्या भिंतीत एक लाकडी पिंप उभे बसवलेले असे. त्याला एका बाजूने तोंड. रात्रीच्या वेळी कोणी तरी येऊन तान्हे मूल त्यात ठेवायचे, पिंप फिरवायचे, घंटी वाजवायची आणि निघून जायचे. आतल्या बाईला मूल मिळे, आणणाऱ्याचा चेहरा मात्र दिसत नसे. याला 'रुओता', म्हणजे चाक, म्हणत. मुलाच्या अंगावर पुष्कळदा अर्धे तोडलेले नाणे किंवा पदक बांधलेले सापडे. उरलेला अर्धा आईजवळ असे; कधी दिवस पालटले तर ओळख पटवता यावी म्हणून. फ्लॉरेन्सच्या इन्नोचेंती अनाथालयाच्या संग्रहालयात असे अर्धे तुकडे आजही पाहायला मिळतात.

मुले टाकणाऱ्या साऱ्या अविवाहित मुली नव्हत्या. एकोणिसाव्या शतकातल्या मिलानमध्ये पोट भरेना म्हणून लग्नाची जोडपीही मुले संस्थेत ठेवत. अविवाहित आईला मात्र निवडच नसे. इतिहासकार डेव्हिड कर्टझर यांनी बोलोन्याच्या दप्तरांवरून दाखवले आहे की मूल जवळ ठेवायचे की नाही हा निर्णय तिच्या हाती क्वचितच असे. कुटुंबाची अब्रू, चर्च आणि सुईणींवरची सक्ती यांच्या कात्रीत ती सापडलेली असे. संस्थेत आलेल्या मुलांतली फार मोठी संख्या वर्षाच्या आतच दगावत असे.

जी जगत, त्यांना संस्थेवरून आडनाव मिळे. नेपल्सच्या आन्नुन्झियाता संस्थेतली मुले एस्पोझितो, म्हणजे 'उघड्यावर ठेवलेला'. रोम आणि आसपासची प्रोइएत्ती, म्हणजे 'टाकलेला'. फ्लॉरेन्सची इन्नोचेंती, म्हणजे 'निष्पाप'. मिलानच्या मोठ्या इस्पितळाच्या चिन्हात कबुतर होते, म्हणून तिथली मुले कोलोंबो. कोलोंबो हे स्वतंत्रपणे आलेले जुने नावही आहे, त्यामुळे प्रत्येक कोलोंबो अनाथाचाच वंशज असे म्हणता येत नाही. जिनोव्हाचा ख्रिस्तोफर कोलंबस त्याचे उदाहरण. मात्र मिलान परिसरात या आडनावाची आज जी दाटी दिसते, तिच्यामागे या इस्पितळाचा मोठा वाटा आहे. एस्पोझितो तर इटलीच्या पहिल्या दहा आडनावांत गणले जाते.

कारकुनाचे काम

या आडनावांनी मुलाला ओळख दिली, त्याबरोबर कपाळावर शिक्काही मारला. एस्पोझितो म्हटले की समोरच्याला सारे कळे. १८१४ साली नेपल्सचा राजा जोआकिम म्युरा, नेपोलियनचा मेहुणा, याने नव्या मुलांना हे आडनाव देण्यास बंदी केली. मिलानमध्ये १८२५नंतर कोलोंबो देणे थांबले. पुढे चाकेही बंद होऊ लागली. फेर्रारात १८६७ साली, फ्लॉरेन्स आणि नेपल्समध्ये १८७५ साली. साऱ्या देशातून ती कायद्याने गेली १९२३ साली.

चाके गेली तरी मुले टाकली जाणे थांबले नाही. आता प्रत्येक मुलाला वेगळे आडनाव द्यायचे होते, आणि ते असे हवे होते की त्यावरून जन्म कळू नये. ज्याच्या आडनावाला मागे कोणी नाही, त्याच्यासाठी रोज एक नवे आडनाव रचायचे, हे काम येऊन पडले कारकुनावर. त्याने महिने घेतले, सणवार घेतले, फुलेझाडे आणि पक्षी घेतले, नद्या-डोंगर घेतले, ग्रीक-रोमन पुराणांतली पात्रे घेतली. कुठे वर्णानुक्रमाने याद्या चालत. 'त्रोवातो', म्हणजे 'सापडलेला', अशा आडनावांतून सत्य डोकावत राहिलेच. इतर आडनावांनी ते झाकले, आणि झाकता झाकता देशभर हजारो एकुलती आडनावे तयार झाली.

तीन अक्षरांची फोड

एको हे याच जातीचे आडनाव. उम्बेर्तोंचा जन्म ५ जानेवारी १९३२ रोजी पिएमोंते प्रांतातल्या आलेस्सांद्रिया या गावी झाला. आपल्या आडनावाची फोड त्यांना एका परिचिताकडून कळली. व्हॅटिकनच्या ग्रंथालयात या गृहस्थांच्या पाहण्यात जेझुइटांनी वापरलेल्या संक्षेपांची एक यादी आली. तीत 'एक्स केलिस ओब्लातुस' असा लॅटिन शब्दसमूह होता. अर्थ, 'आकाशातून अर्पिलेला'. या तीन शब्दांची रोमन लिपीतली आद्याक्षरे जोडली की 'एको' होते.

ही फोड इतकी सुंदर आहे की तिच्याकडे जरा सावधपणेच पाहावे लागते. आद्याक्षरांवरून शब्द सोडवण्याचा मोह जगभर आहे आणि तो बहुधा फसवतो. अनाथांच्या नोंदवहीशी जोडलेलेच एक उदाहरण रोममध्ये आहे. वेश्येसाठी वापरला जाणारा 'मिन्योत्ता' हा रोमन बोलीतला असभ्य शब्द नोंदवहीतल्या 'अज्ञात मातेचा पुत्र' या लॅटिन नोंदीच्या संक्षेपातून आला, असे तिथे सर्रास सांगतात. भाषाशास्त्रज्ञ मात्र त्याचे मूळ 'लाडकी' अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दात शोधतात. नोंदवहीची कथा चटकदार, पण शब्दाचा प्रवास वेगळा.

एकोच्या बाबतीत दुसरी शक्यता अगदी साधी आहे. कारकून पुराणांतली नावे घेतच होते, आणि एको ही ग्रीक पुराणातली वनदेवता आहे. ओव्हिडच्या 'मेटॅमॉर्फोसिस'च्या तिसऱ्या भागात तिची कथा येते. नार्सिससच्या प्रेमात ती झिजून जाते. देह उरत नाही, उरतो तो केवळ आवाज. नावनिशाणी नसलेल्या मुलासाठी हे नाव एखाद्या वाचनवेड्या कारकुनाला सुचणे सहज शक्य आहे. किंवा शब्दकोशात बोट ठेवले तिथे 'प्रतिध्वनी' निघाला असेल.

तरीही लॅटिन फोड उडवून लावण्यासारखी नाही. 'ओब्लातुस' हा शब्द तिच्या बाजूने साक्ष देतो. मध्ययुगात आईबाप आपले मूल मठाला वाहत. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत त्याचा विधी दिलेला आहे. अशा मुलांना 'ओब्लाती', म्हणजे 'अर्पिलेले', म्हणत. टाकलेल्या मुलाला 'अर्पिलेला' म्हणणे ही ख्रिस्ती मठांची शेकडो वर्षांची भाषा होती. तेव्हा संक्षेप यादीत असणे समजण्यासारखे आहे. तो यादीतून नगरपालिकेच्या टेबलावर आला, ही पायरी तेवढी अनुमानाची राहते. खुद्द एकोंनीही ही फोड संभाव्य म्हणूनच सांगितली. माझा कौल असा : जन्माची हकिकत पक्की, फोड शक्यतेच्या कोटीतली.

दुर्मिळतेचे गणित

आता वारंवारतेकडे वळू. एमिदिओ दे फेलिचे यांनी १९७८ साली इटालियन आडनावांचा कोश काढला. आडनावांचे प्रमाण आणि फैलाव मोजण्यासाठी त्यांनी टेलिफोनच्या याद्या कामी आणल्या. अशा याद्यांवरून कुठले आडनाव कुठे दाट आणि कुठे विरळ हे दिसते. ते तसे का, हे सांगायला गणित लागते.

१८७३ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी प्रश्न टाकला की घराण्यांची आडनावे नष्ट का होतात. हेन्री वॉटसन या धर्मोपदेशक गणितज्ञाने तो सोडवायला घेतला आणि दुसऱ्या वर्षी दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांची पद्धत सोप्या आकड्यांत अशी मांडता येईल. समजा, दर पुरुषामागे सरासरी एक मुलगा होतो. कोणाला एकही नाही, कोणाला तीन, आणि हे वाटप निव्वळ योगायोगाचे. मग एका पुरुषापासून निघालेले आडनाव पहिल्याच पिढीत संपण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के येते. दुसऱ्या पिढीअखेर ती ५३ टक्के होते, तिसऱ्या पिढीअखेर ६३ आणि पाचव्या पिढीअखेर ७३ टक्के.

म्हणजे कारकुनाने शंभर मुलग्यांना शंभर नवी आडनावे दिली तर पाच पिढ्यांनंतर त्यांतली २७च्या आसपास उरतील. एकूण पुरुष सरासरीने शंभरच, तेव्हा उरलेल्या आडनावामागे चारसुद्धा पुरुष येणार नाहीत. हे शंभरही जण मोठे होऊन संसाराला लागले असे धरून. प्रत्यक्षात अनाथालयातले बालमृत्यू मोजले तर चित्र आणखी करुण होते. याउलट तेच शंभर जण एस्पोझितो असते तर त्र्याहत्तर शाखा खुंटूनही आडनाव जिवंतच राहिले असते. दोन एस्पोझितो भेटले तर ते नातलग असतीलच असे नाही. एकट्यासाठी रचलेल्या आडनावाचे दोघे भेटले तर बहुधा असतातच. दुर्मिळ आडनावाचे खरे मूळ पुष्कळदा इतके जवळ असते.

एको आडनाव टिकले त्याचे कारण या गणितातच आहे. उम्बेर्तोंचे वडील जूल्यो हे तेरा भावंडांतले एक. ज्याला मागे एकही नातेवाईक नव्हता, त्या माणसाने पुढे तेरा मुलांचे घर उभे केले.

आजोबांची पेटी

हे आजोबा मुद्रक होते. निवृत्तीनंतर ते पुस्तके बांधून देत. ते वारले तेव्हा उम्बेर्तो सहा वर्षांचे होते. बांधणीसाठी आलेली आणि कोणी परत न नेलेली पुस्तके एका मोठ्या पेटीत भरून घराच्या तळघरात आली. द्यूमा आणि त्या काळच्या रंजक कादंबऱ्यांची गोडी नातवाला त्या पेटीने लावली.

अनाथाच्या आडनावाचा विषय एकोंनी आपल्या कादंबरीतही आणला. 'फुकोज पेंड्युलम' (१९८८) मधल्या एका पात्राचे आडनाव दियोताल्लेवी आहे. अर्थ, 'देव तुला वाढवो'. हा गृहस्थ आपण ज्यू वंशाचे आहोत असे हट्टाने मानतो. त्याचे मित्र त्याला सांगतात की हे तर कारकुनाने टाकलेल्या मुलाला दिलेले आडनाव, तुझा आजोबा अनाथ होता. आडनावात वंश शोधणाऱ्याची ही थट्टा आहे. ती करणाऱ्याचे स्वतःचे आजोबा कोण होते हे ठाऊक असले की तिच्यातला ओलावा जाणवतो.

इटलीत आजही आईला नाव न सांगता इस्पितळात बाळंत होण्याचा हक्क आहे. अशा मुलाचे नाव-आडनाव अजूनही नोंदणी अधिकारीच ठरवतो. २००० सालच्या नियमांनी त्याला बंधने घातली आहेत. मुलाच्या जन्माची कथा कळेल असे आडनाव द्यायचे नाही. ऐतिहासिक महत्त्वाचे, किंवा त्या गावात विशेष प्रसिद्ध असलेल्या घराण्याचे आडनावही द्यायचे नाही. आलेस्सांद्रियात यानंतर टाकलेल्या कुठल्याही मुलाला 'एको' हे आडनाव मिळू शकणार नाही. ते आता तिथल्या एका नामवंत घराण्याचे आहे.