पिशवी काढली, गोळी दिली. माहिती कोण देणार?

कृष्णा-तारळीच्या संगमावरचे उंब्रज हे उसाच्या पट्ट्यातले गाव. हंगामात सातारा-सांगलीच्या या पट्ट्यात बीडकडच्या टोळ्या कोयता घेऊन येतात. पाळीत खाडा पडला की दंड. म्हणून पिशवीच काढून टाकायची! २०१९ मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली.

त्यावर बरीच चर्चा झाली. पण पुढे त्या बाईचे काय होते? पिशवीबरोबर अंडाशयेही काढली, तर पस्तिशीतच पाळी जाण्याचे वय अंगावर येते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडे ठिसूळ होतात. अशा बाईला पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन देणे वैद्यकशास्त्र साधारणपणे योग्य मानते. मात्र ते देताना तिला पूर्ण माहिती मिळते काय, हा आमचा सवाल आहे.

इस्ट्रोजेनची गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठविणारे घटक वाढवते. मग पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते; ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. अमेरिकेत १६,६०८ महिलांवरील चाचणी २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. दोन हार्मोनची गोळी घेणाऱ्या दर १० हजार महिलांमागे वर्षाला ३४ जणींना गुठळी झाली, न घेणाऱ्यांत १६ जणींना. त्या महिला ५० ते ७९ वयाच्या, पिशवी असलेल्या होत्या. तरुण बाईला हे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत. त्वचेवर लावायची पट्टी किंवा जेल यकृतात आधी जात नाही. तिने हा धोका वाढल्याचे अभ्यासांत सहसा दिसत नाही.

म्हणून मायबहिणींनो, घाबरू नका आणि डोळे झाकूनही गोळी घेऊ नका. स्वतःला किंवा घरात कुणाला गुठळी झाली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. पट्टी मिळेल का, विचारा. एकच पोटरी सुजून दुखू लागली, अचानक दम लागला, तर मुकादमाची परवानगी मागत बसू नका, दवाखाना गाठा.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रीच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. तिच्या आरोग्याचा भार सरकारने व मालकाने उचलावा, ही ती भूमिका. फडातल्या बाईसाठी आम्ही आज तेच मागतो.