बेस ड्रमच्या पानाला भोक पाडावे काय?

लग्नसराई तोंडावर आली की आम्हा विस्तार अधिकाऱ्यांना बियाणे-खतांखेरीज इतरही नाना प्रश्नांना तोंड द्यावे लागते. मागे एका गावी हरभऱ्यावरील घाटेअळी पाहून निघालो होतो, तोच बेंजो पार्टीच्या पोरांनी गाडी अडवली. कांद्याच्या पट्टीतून वर्गणी काढून त्यांनी जुना ड्रमसेट विकत आणला होता. बेस ड्रमच्या, म्हणजे पायाने पेडल दाबून वाजवायच्या आडव्या मोठ्या ढोलाच्या पुढच्या पानावर पार्टीचे नाव पेंटरकडून झोकात रंगवून घेतलेले. आणि एकाच्या हातात ब्लेड तयार!

"साहेब, मोठ्या पार्ट्यांच्या ड्रमला पुढून भोक असतं. आपणपण पाडू का?"

मी म्हटले, "थांबा रे बाबांनो. आधी चहा सांगा."

वाचकहो, या बाबतीत माझे हात आधीच पोळलेले आहेत. कॉलेजात असताना गॅदरिंगच्या आदल्या रात्री मी असेच पान कापले होते. भोक अगदी मधोमध, जेवणाच्या ताटलीएवढे. कडेला ब्लेडची एक खाच राहिली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच गाण्याला तिथून पान थेट कडीपर्यंत टरकले. वर्गणीतून ते भरून देताना दोन महिने मेसमध्ये तोंड लपवून जेवलो. तुमच्या मुलावर ती पाळी येऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

भोकाने नेमके होते काय? तुमच्या गावातच त्याचे उत्तर आहे. हलगी मागून उघडी असते. तिचा आवाज कडक, तुटक. ढोल दोन्हीकडून बंद असतो. त्याचा आवाज घुमतो, वेशीपर्यंत जातो. बेस ड्रम हा ढोलाच्या जातीचा. पेडलचा टोला मागच्या पानावर बसला की आतली हवा दाबली जाते, ती पुढच्या पानाला ढकलते आणि दोन्ही पाने मिळून हलतात. त्यातून घुमारा निघतो. पुढच्या पानाला भोक पाडले की ती हवा बाहेर निसटते. घुमारा आखूड होतो, टोल्याचा ठोका वेगळा ऐकू येतो, आणि पायाखाली पेडलची उसळीही कमी लागते. भोक जितके मोठे, तितका ढोल हलगीकडे झुकतो. बावीस इंची ड्रमला सात-आठ इंचांचे भोक पाडणे म्हणजे पुढचे पान जवळपास काढूनच टाकणे होय.

मग मोठ्या पार्ट्या भोक का ठेवतात? मुख्य कारण माईक. भोकातून माईक आत सरकवला की तो ठोक्याच्या जवळ जातो आणि शेजारच्या ताशाचा, की-बोर्डचा आवाज त्यात कमी शिरतो. शिवाय पान न उघडता आत उशी किंवा घडी घातलेली गोधडी सारून आवाज आवरता येतो. माईक मात्र थोडा आत किंवा बाजूला असावा. भोकाच्या ऐन तोंडाशी धरला तर हवेचा झोत बसून कर्ण्यातून फसफस ऐकू येते.

तेव्हा पहिला प्रश्न ब्लेडचा नाही, माईकचा आहे. तुमच्या ड्रमला स्वतंत्र माईक लागतो काय? लागत नसेल, वरातीत ड्रम आपल्या जोरावरच वाजत असेल, तर भोक पाडून आवाज वाढत नाही, उलट घुमारा घालवून बसाल. फार घुमतो अशी तक्रार असेल तर मागच्या पानाला आतून कापडाची घडी टेकवून पाहा. हा उपाय फुकटचा आहे आणि नाही पटला तर काढून टाकता येतो. भोक बुजवता येत नाही.

माईक लागतच असेल तर चार ते पाच इंचांचे पुरे. मधोमध नको, खाली एका बाजूला. कडीपासून किमान दोन इंच पान शाबूत राहू द्या. मापाचे कडे लावून पेन्सिलीने वर्तुळ आखा आणि नव्या ब्लेडने, न थांबता, एका ओळीत कापा. काही जण मापाचा रिकामा डबा तापवून टेकवतात. त्याने प्लॅस्टिक वितळून कड गुळगुळीत होते. ते करायचे तर अंगणात, लेकरांना दूर ठेवून, कारण धूर वाईट असतो. नंतर कडेला प्लॅस्टिकची रिंग चिकटवलीच पाहिजे. आणि हे सारे प्लॅस्टिकच्या पानापुरतेच. अशी पाने 1957 च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आली, त्यापूर्वी कातडेच असे. कातडी पान सर्दीत सैलावते, उन्हात ताणते. त्याला भोक पाडू नका.

पोरांचा माईक एकच, तोही गाणाऱ्याचा. पण पुढल्या हंगामात दुसरा घ्यायचा त्यांचा बेत होता. म्हणून म्हटले, एक साधे पान वेगळे घ्या, प्रयोग त्यावर करा, नावाच्या पानाला हात लावू नका. ब्लेडवाला जरा हिरमुसला. त्याची आई मात्र दारातूनच म्हणाली, "साहेब, रंगाचेच चारशे गेलेत!"

साधे पान आले, कापलेही. मोकळ्या रानात पोरांनी दोन्ही पाने आळीपाळीने लावून पाहिली. एकाने वाजवायचे, बाकीच्यांनी शंभर पावलांवरून ऐकायचे. यंदाच्या वराती नावाच्या पानावरच झाल्या. भोकाचे पान कोठीच्या खोलीत, उंदरांच्या भीतीने आढ्याला टांगून ठेवले आहे.