आधीं परिकल्पना, मग परीक्षा

आपल्या जऊळक्यांत कोणी म्हणालें, 'अमक्या दिवशीं पेरलें कीं पीक चांगलेंच येतें', तर आपणांस दोन-चार अनुकूल उदाहरणें लागलींच आठवतात. प्रतिकूल उदाहरणें आपण सहज विसरतों. मनाच्या या पक्षपातास आळा बसावा म्हणून संख्याशास्त्रानें एक शिस्त घालून दिली आहे. आंकडे पाहण्यापूर्वींच दोन परस्परविरुद्ध विधानें लिहून ठेवावीं. 'दिसतें तें केवळ योगायोगानें', हें पहिलें विधान म्हणजे शून्य परिकल्पना. 'योगायोगापलीकडे खरोखर कांहीं आहे', हें दुसरें म्हणजे पर्यायी परिकल्पना. न्यायालयांत आरोपीस आरंभीं निर्दोष मानतात, तद्वत् पहिली आरंभीं खरी मानावयाची; पुराव्याचा भार दुसरीवर.

याचें उत्तम उदाहरण महाराष्ट्रांतच घडलें. २००८ सालीं पुण्यास डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनीं फलज्योतिषाची चांचणी घेतली. शाळेंत हुशार ठरलेलीं १०० मुलें व बौद्धिक वाढ कमी असलेलीं १०० मुलें, अशा २०० मुलांच्या पत्रिका जमविल्या. प्रत्येक ज्योतिष्यास त्यांतील ४० देऊन, कोणती पत्रिका कोणत्या गटांतील, हें ओळखावयास सांगितलें.

येथें शून्य परिकल्पना अशी: उत्तर बरोबर येण्याचा संभव नाणेंफेकीप्रमाणें निम्माच. पर्यायी परिकल्पना: तो निम्म्याहून अधिक. निव्वळ योगायोगानें ४० पैकीं सरासरी २० उत्तरें बरोबर येतील; २८ किंवा अधिक येण्याचा संभव शंभरांत एकाहूनही कमी. म्हणून २८ ही कसोटी. सत्तावीस जणांनीं उत्तरें पाठविलीं. त्यांची सरासरी सुमारें १८, सर्वाधिक २४. शून्य परिकल्पना नाकारतां आली नाहीं.

'सरासरी २० हून कमी आली, तर उलट अर्थ घ्या', असें आतां कोणी म्हणेल, तर तें चालणार नाहीं. निकाल पाहून परिकल्पना बदलणें म्हणजे पेपर तपासल्यावर प्रश्न बदलण्यासारखें आहे. तसेंच, शून्य परिकल्पना सिद्ध झाली, असेंही म्हणूं नये; ती नाकारण्याजोगा पुरावा मिळाला नाहीं, इतकेंच म्हणावें.

पालकांस नम्र विनंति कीं, मुलाच्या भवितव्याविषयीं कोणी ठाम भाकीत केल्यास विचारावें, 'काय दिसलें म्हणजे आपलें म्हणणें चुकीचें ठरेल?' 'हा मुलगा ढ आहे' असें म्हणण्यापूर्वीं आम्हां शिक्षकांनींही स्वतःस हाच प्रश्न विचारला पाहिजे. पारखल्यावांचून कांहींच स्वीकारूं नये, हा प्रेषित पौलाचा उपदेश येथेंही लागू आहे.