सोयाबीनमधलं एन्झाइम आणि पेशीतला पत्ता

पेशीतलं एखादं प्रथिन नेमकं कुठे बसलंय, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली थेट ओळखता येत नाही. तिथे रंग नसतात. जड अणू असतील तिथे गडद दिसतं, बाकी सगळं फिकं. जीएफपीसारख्या चमकणाऱ्या प्रथिनांचा हिरवा प्रकाश इथे कामाचा नाही.

जुना मार्ग म्हणजे सोन्याचे अतिसूक्ष्म कण जोडलेली प्रतिपिंडं. पण ती आत शिरावीत म्हणून बऱ्याचदा पेशीची पटलं डिटर्जंटने सैल करावी लागतात, आणि जी रचना बघायची तीच बिघडते.

म्हणून मला अपेक्स फार आवडतं! संशोधक ॲलिस टिंग यांच्या गटाने २०१२ मध्ये वनस्पतीतल्या पेरॉक्सिडेझ एन्झाइममध्ये बदल करून ते घडवलं. २०१५ ची सुधारित आवृत्ती, अपेक्स-२, सोयाबीनच्या एन्झाइमवरून आली. त्याचं जनुक हव्या त्या प्रथिनाच्या जनुकाला जोडायचं. मग पेशी स्वतःच खूण लावलेलं प्रथिन बनवते. पेशी रसायनाने स्थिर केल्यावर डीएबी नावाचं रसायन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड द्यायचं. एन्झाइम असेल तिथेच डीएबीचा न विरघळणारा थर साचतो, त्याला ऑस्मियम हा जड धातू चिकटतो आणि ती जागा काळी दिसते.

याचं एक उदाहरण: मायटोकाँड्रियात कॅल्शियम आत घेणाऱ्या एमसीयू प्रथिनाची टोकं आतल्या पटलाच्या कोणत्या बाजूला, हा वाद होता. अपेक्सने दाखवलं: दोन्ही टोकं आत, मॅट्रिक्समध्ये.

मर्यादा एकच सांगते: डाग थोडा पसरतो, त्यामुळे रेणू मोजता येत नाहीत. मोजायचेच असतील तर अजूनही सोन्याचे कणच बरे.