यकृताची साक्ष

रक्ततपासणीचा कागद हातीं आला म्हणजे डॉक्टरांनीं कांहीं सांगण्यापूर्वींच घरोघरीं निकाल लागून जातो. आमच्या वसतिगृहाच्या वृद्ध आचाऱ्यांची अशीच गत झाली. त्यांचा एसजीपीटीचा आंकडा मर्यादेच्या तिप्पट आला, आणि ज्यांनीं जन्मांत मद्यास स्पर्श केला नाहीं त्यांच्याविषयीं स्वयंपाकघरांत कुजबूज सुरू झाली. विद्यार्थिमित्रांनो, म्हणून हा विषय आपण नीट समजून घेऊं.

यकृताच्या पेशींत रासायनिक क्रिया घडवून आणणारीं कांहीं द्रव्यें असतात. त्यांस एन्झाइम अथवा विकर म्हणतात. पेशींस इजा झाली कीं तीं झिरपून रक्तांत उतरतात. घागरीखालची ओल पाहून घागर गळते एवढें कळतें. ती कशानें फुटली हें कळत नाहीं. या आंकड्यांचेंही तसेंच आहे.

मद्यपान हें एक कारण खरें. परंतु दूषित अन्नपाण्यांतून होणारी अ व ई प्रकारची कावीळ, रक्तावाटे किंवा मातेकडून बालकास होणारी ब प्रकारची कावीळ, स्थूलता व मधुमेह यांमुळें यकृतांत सांचणारी चरबी, क्षयावरील आयसोनियाझिडसारखीं औषधें, प्रमाणाबाहेर घेतलेलें पॅरासिटामॉल, हींही कारणेंच होत. वनस्पतींचीं औषधें सदैव निर्धोक असतात असेंही नाहीं. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याचे वृत्तांत मुंबईच्या डॉक्टरांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केले. शिवाय एसजीओटी स्नायूंतही असतें, म्हणून कठोर व्यायामानंतर तें वाढूं शकतें. अल्कलाइन फॉस्फेटेज हाडांतूनही येतें. वाढत्या वयाच्या मुलांत तें प्रौढांहून अधिक असणें स्वाभाविक होय.

उलटपक्षीं, जुनाट यकृतरोगांतही कधीं कधीं हे आंकडे मर्यादेंत राहतात. यास्तव डॉक्टर रोग्याची विचारपूस करतात, तपासणी पुन्हां करवितात, सोनोग्राफी पाहतात. क्षयाचें औषध आपल्या मतानें बंद करूं नये. मात्र डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा वांत्या होऊं लागल्या तर त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें.

आमचे आचारी गुडघेदुखीसाठीं महिनोन्महिने कसलेंसें चूर्ण घेत होते. डॉक्टरांनीं विचारलें तेव्हां तें उघडकीस आलें. चूर्ण थांबलें आणि कांहीं महिन्यांत आंकडा खालीं उतरला. ती कुजबूज मीही क्षणभर खरी मानली होती. आंकडा वाचण्यापूर्वीं त्यांना एक प्रश्न विचारणें मला जड नव्हतें.