वारी चुकू नये म्हणून

आषाढ जवळ आला की त्र्यंबकेश्वराहून निघालेली श्रीसंत निवृत्तिनाथांची पालखी आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातून पंढरीस जाते. शके १२१२ मध्ये ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी अवतरली, तेथेही टाळमृदंग घुमू लागतात. अशा वेळी वर्षानुवर्षे कीर्तनात पुढे बसणाऱ्या आजी एके वर्षी दाराशी बसतात आणि पुढल्या वर्षी येतच नाहीत. घरचे म्हणतात, 'गुडघे दुखतात.' खरे कारण पुष्कळदा निराळे असते. लघवीवर ताबा उरलेला नसतो आणि ते सांगण्याची लाज वाटते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'नवेगान्धारणीय' नावाचा सातवा अध्याय आहे. अडवू नयेत अशा तेरा वेगांत मूत्रवेगाची गणना तेथे आहे. ज्याचा विचार ऋषींनी मोकळेपणाने केला, त्याचा संकोच आपण का धरावा?

आज औषधांच्या दुकानांत यावर साधने मिळतात. मात्र प्रसंग पाहून निवड करावी. खोकताना, हसताना थेंब-दोन थेंब जात असतील, तर घरकामात नेहमीच्या अंतर्वस्त्रात बसणारा लहान पॅड पुरतो. तो लघवीसाठीच केलेला असावा. मासिक पाळीचा पॅड वेगाने आलेली धार शोषू शकत नाही. दिंडीत चालणाऱ्याने चड्डीसारखी ओढून घालायची डायपर पँट घ्यावी. कंबर व नितंब मोजूनच माप ठरवावे. सैल असली तर मांडीपाशी गळते, घट्ट असली तर काचते. नऊवारीखाली वा धोतराखाली ती दिसत नाही. कीर्तनात किंवा एसटीत दोन-तीन तास बैठक असते. बसल्याने दाब येऊन पातळ पॅड पाझरतो, म्हणून तेथे अधिक शोषणारा प्रकार बरा. रात्री त्याहून जाड घ्यावा व खाली न झिरपणारी चादर घालावी. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी बाजूने चिकटपट्टीचा डायपर सोयीचा. धुऊन वापरायच्या कापडी चड्ड्याही मिळतात. थोड्या गळतीसाठी घरी त्या किफायतशीर पडतात.

ओले झाले की लवकर बदलावे, अंग धुऊन कोरडे करावे, नाहीतर कातडी सोलवटते. लघवीच्या भीतीने पाणी तोडू नये. त्याने लघवी दाट होऊन मूत्राशय अधिकच चाळवते. चहा मात्र बेताचा घ्यावा. वापरलेले डायपर कागदात गुंडाळून कचऱ्यातच टाकावे. चंद्रभागेत वा प्रवरेत टाकणे हे पाप आहे.

डायपर हा उपचार नव्हे. मधुमेह, पुरुषांत प्रोस्टेटची वाढ, स्त्रियांत बाळंतपणाने सैलावलेले स्नायू अशी अनेक कारणे असतात आणि पुष्कळांवर इलाज आहे. कटितळाचे स्नायू आवळून सोडण्याच्या व्यायामाने अनेकांना गुण येतो. त्रास एकाएकी सुरू झाला, जळजळ झाली वा रक्त दिसले, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब नको.

राहिला प्रश्न सोवळ्याचा. हातपाय धुऊन, स्वच्छ वस्त्र नेसून बसलेल्या वृद्धाची पूजा देवाला पावत नाही, असे आम्हांस तरी वाटत नाही. शरीरधर्म हा विटाळ नव्हे. सुनांनी, लेकींनी, मुलांनीही हा विषय आपणहून, एकांतात व मायेने काढावा. यंदाच्या एकादशीस घरातील आजोबा-आजी कीर्तनात पुन्हा पुढच्या रांगेत बसले, तर विठ्ठलसेवाच घडली असे आम्ही समजू.