सरासरीआड दडलेली साखर

मधुमेहाचे नियंत्रण आपण ‘एचबीए१सी’वरून जोखतो. ही तपासणी सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते, चढउतार नव्हे. शिवाय विदर्भालगतच्या आपल्या सौंसर-पांढुर्णा परिसरात सिकलसेलचे रुग्ण आढळतात. त्यांच्या तांबड्या पेशी अल्पायुषी असल्याने हा आकडा वस्तुस्थितीपेक्षा कमी येऊ शकतो. म्हणून अशा रुग्णांत मी केवळ त्यावर विसंबत नाही.

दंडावरील सेन्सर सुमारे १४ दिवस त्वचेखालील द्रवातील साखर सतत नोंदवतो. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार बहुतेक प्रौढांची साखर ७० टक्क्यांहून अधिक वेळ ७० ते १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असावी. ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी वेळ. सेन्सर परवडत नसल्यास ग्लुकोमीटरने उपाशीपोटी, जेवणानंतर व रात्री साखर मोजून वहीत लिहावी. चांगल्या आकड्यावर निश्चिंत होण्यापूर्वी सिकलसेलची तपासणी मात्र अवश्य करून घ्यावी.